डाव्या कोपऱ्यातली चौकट : फिगर स्केटिंगच्या थेट गुणफलकाचे परीक्षण

परीक्षणे सहसा विकत घेतलेल्या वस्तूंची लिहिली जातात. मी जिच्याविषयी लिहीत आहे ती वस्तू वेगळी विकत मिळत नाही. फिगर स्केटिंगचे थेट प्रक्षेपण लावले की ती पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आपोआप येऊन बसते. आमच्या टीव्हीवर ती साधारण काडेपेटीएवढी दिसते. आघाडीवर असलेल्या स्पर्धकाचे तांत्रिक गुण, सध्या बर्फावर असलेल्या स्पर्धकाचे उडीगणिक वाढत जाणारे तांत्रिक गुण आणि नुकत्याच झालेल्या उडीचे किंवा गिरकीचे नाव, एवढाच तिच्यातला मजकूर. गेली सहा-सात वर्षे हिवाळ्यातल्या बहुतेक शनिवारी-रविवारी ही चौकट आमच्या पुण्यातल्या घरी पहाटे हजर असते, कारण अमेरिकेत आणि कॅनडात संध्याकाळी रंगणारे कार्यक्रम आपल्याकडे दूधवाल्याच्या वेळेला दिसतात. या काळात तिने आम्हाला पुष्कळ शिकवले आणि घरात एक कायमचे भांडणही लावून दिले. या दोन्हींचा हिशेब येथे मांडते.

चौकट समजून घ्यायची तर तिच्यामागची गुणपद्धत थोडी माहीत हवी. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून मोठे प्रकरण झाले, एका फ्रेंच परीक्षकाच्या मतावर संशय आला आणि रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही मागाहून सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी रीत मोडीत निघाली आणि आजची पद्धत आली. आता प्रत्येक घटकाची मूळ किंमत आधीच ठरलेली असते: क्वाड लुट्झ या चार फेऱ्यांच्या उडीला ११.५०, क्वाड टो लूपला ९.५०, ट्रिपल अॅक्सलला ८.००, ट्रिपल लुट्झला ५.९०. घटक कसा झाला हे पाहून नऊ परीक्षक उणे पाच ते अधिक पाच असे दर्जाचे गुण देतात आणि दर पायरीमागे मूळ किमतीचा दहावा हिस्सा वाढतो किंवा कापला जातो. या साऱ्याची बेरीज म्हणजे तांत्रिक गुण. त्याखेरीज संपूर्ण कार्यक्रमाला रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य या तीन निकषांवर प्रत्येकी दहापैकी गुण मिळतात आणि त्यांची बेरीज ठरलेल्या पटीने वाढवली जाते. या लेखापुरते त्यांना मी कार्यक्रमगुण म्हणते. २०२२ पर्यंत हे निकष पाच होते, पण तो तपशील येथे फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की, चौकटीत चढताना दिसतात ते फक्त तांत्रिक गुण. कार्यक्रमगुण समोर येतात ते स्पर्धक धापा टाकत प्रशिक्षकाशेजारी बाकावर जाऊन बसल्यावर, शेवटी, एकगठ्ठा.

आधी चांगले सांगते, कारण चांगले खरोखर बरेच आहे. सहा उड्यांची नावे आणि त्यांतले फरक मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाहीत, ते या चौकटीने शिकवले. लुट्झ आणि फ्लिप या दोन्ही उड्यांत एका पायाच्या पात्याचे टोक बर्फात रोवून उडी घेतली जाते, दोन्ही नवख्या डोळ्यांना एकसारख्या दिसतात, आणि फरक काय तो उडी घेताना दुसरा पाय पात्याच्या बाहेरच्या धारेवर आहे की आतल्या, एवढाच. उडी झाली की लगेच चौकटीत तिचे नाव येते आणि आपण मनात बांधलेला अंदाज बरोबर होता की चूक, हे तिथल्या तिथे कळते. पाढे म्हणताना मागे उभ्या राहिलेल्या मास्तरांसारखी ही सोय आहे. दोन हिवाळे असे काढले आणि तिसऱ्या हिवाळ्यात माझे अंदाज बरेचसे बरोबर येऊ लागले.

दुसरा गुण तिच्या प्रामाणिकपणाचा. गणपती बसले त्या आठवड्यात आम्ही कनिष्ठ गटाची ग्रांप्री पाहत होतो. (ही मालिका आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर विनामूल्य दिसते आणि तिचे समालोचन बरीच वर्षे टेड बार्टन यांनी केले आहे. आजची गुणपद्धत घडवण्यात त्यांचा स्वतःचा हात होता, त्यामुळे ते आकड्यांविषयी बोलू लागले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते.) एका मुलीने ट्रिपल लुट्झला ट्रिपल टो लूप जोडली. मूळ किंमत ५.९० अधिक ४.२०, म्हणजे १०.१०. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. कार्यक्रम संपला, चित्रफीत संथ गतीने पुन्हा दाखवली, आणि दुसऱ्या उडीचे पाते बर्फाला टेकले तेव्हा फेरी पाव वर्तुळाहून अधिक कमी पडली होती, हे आम्हालाही दिसले. अशा अपुऱ्या उडीला मूळ किमतीच्या ८० टक्केच मिळतात, ४.२० चे ३.३६ झाले आणि चौकटीतला आकडा आमच्या डोळ्यांदेखत खाली आला. जुन्या पद्धतीत परीक्षकाने ५.८ का दिले आणि ५.७ का नाहीत, हे त्यालाच ठाऊक. इथे कुठे किती कापले, हे घरबसल्या बोट ठेवून दाखवता येते.

क्वाडच्या हव्यासाविषयीचा एक सर्वसाधारण गैरसमजही या चौकटीमुळे दूर होतो. पडले तरी क्वाडचे गुण मिळतातच, मग पडणाऱ्याचे नुकसान काय, असे नवे प्रेक्षक विचारतात. पूर्ण फिरून पडलेल्या क्वाड लुट्झला ११.५० मधून दर्जाचे ५.७५ जातात आणि पडल्याचा आणखी एक गुण वजा होतो. उरतात ४.७५. स्वच्छ झालेल्या साध्या ट्रिपल लुट्झलाही ५.९० असतात. म्हणजे पडण्याला शिक्षा आहे आणि ती बऱ्यापैकी कडक आहे. आता याच हिशेबाची दुसरी बाजू. बर्फाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धारा बदलत, वळणे घेत, संगीताच्या अंगाने जाणारा जो पदन्यास असतो, त्याच्या सर्वोच्च म्हणजे चौथ्या पातळीची मूळ किंमत ३.९० आहे. अर्धे मिनिट घाम गाळून केलेल्या त्या कामाला ट्रिपल टो लूपपेक्षाही कमी मोल. पदन्यास चालू असताना चौकटीतला आकडा अर्धे मिनिट जागचा हलत नाही, आणि आमच्या घरातले भांडण नेमके त्या अर्ध्या मिनिटात सुरू होते.

भांडणाचे पक्ष दोन. वहिनी तरुणपणी कथक शिकल्या आणि पुढे बरीच वर्षे त्यांनी मुलींना शिकवले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शाळेत असताना तो जिम्नॅस्टिक्स करत असे. तो चौकट पाहतो. वहिनी चौकटीकडे पाहायचेच नाही, असे ठरवून बसतात आणि तरीही पाहतात.

“आकडा चढतोय म्हणून तू टाळ्या वाजवतोस,” वहिनी म्हणतात. “उडीच्या आधी दहा सेकंद ती नुसती पळत होती. तिचे हात बघितलेस का?”

“आई, ही स्पर्धा आहे, मैफल नाही. उडी चुकली असती तर त्या हातांचं काय लोणचं घालायचं होतं?” आणि मग माझ्याकडे वळून, “आत्या, तू सांग ना हिला.”

मी काही सांगत नाही, कारण माझे मत या दोघांनाही पटणारे नाही. कला आणि कसरत हा वाद फिगर स्केटिंगमध्ये फार जुना आहे आणि जगभर चाहत्यांचे असेच दोन तट पडलेले आहेत. पण हल्ली तो ज्या रीतीने घातला जातो ती रीत या चौकटीने ठरवली आहे, असे मला वाटू लागले आहे. तीन-चार मिनिटांच्या कार्यक्रमात एकच आकडा सतत डोळ्यांसमोर असेल, तर माणूस तोच आकडा पाहणार. दुसरा आकडा शेवटी कुठूनतरी येऊन पडणार आणि निकाल फिरवणार. मग भाच्यासारख्यांना वाटते की परीक्षकांनी कलेच्या नावाखाली काहीतरी चिकटवले, आणि वहिनींसारख्यांना वाटते की कलेला कुणी विचारतच नाही. संशयाला जागा दोन्हीकडून आणि चौकट एकच.

जुन्या पद्धतीची मी भक्त नाही, परंतु तिच्यात एक गोष्ट होती. तांत्रिक कामगिरीचे आणि कलात्मक परिणामाचे गुण वेगवेगळे, एकामागोमाग एक, सारख्याच मोठ्या अक्षरांत झळकत. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉरव्हिल आणि डीन या जोडीच्या फ्री डान्सला, म्हणजे बर्फावरच्या नृत्याला, कलात्मक परिणामासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले. नऊ षटकारांची ती ओळ जुन्या चित्रफितीत आजही अंगावर येते. कला मोजता येते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. मोजली होती आणि लोकांना दाखवली होती, इतके खरे.

चौकटीपलीकडे जाऊन पाहायची सवय मला एका वेगळ्या वस्तूने लावली, आणि या परीक्षणात तिला स्थान देणे भाग आहे. प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर सविस्तर गुणपत्रक पीडीएफ स्वरूपात जाहीर होते. प्रत्येक उडी, प्रत्येक परीक्षकाने दिलेला दर्जाचा गुण, प्रत्येक निकष, सगळे त्यात असते आणि ते फुकट असते. मोबाइलवर ते वाचणे म्हणजे मुंगीच्या पायांचे ठसे मोजणे आहे, उड्यांची नावे अक्षरांच्या आणि चिन्हांच्या भेंडोळ्यात लिहिलेली असतात, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला ते विजेच्या बिलाहून दुर्बोध वाटेल. तरीही कागदावर छापून चहाबरोबर वाचावे असे ते आहे, कारण आपण जी भांडणे कला विरुद्ध कसरत म्हणून पिढ्यान्पिढ्या लढतो, त्यांतली काही तशी नव्हतीच, हे त्यातून कळते.

२०१० चे व्हँकुव्हर ऑलिंपिक घ्या. पुरुषांच्या स्पर्धेत अमेरिकेचा एव्हन लायसाचेक एकही क्वाड न करता २५७.६७ गुणांनी जिंकला. क्वाड करणारा रशियाचा येव्हगेनी प्लुशेंको २५६.३६ वर राहिला आणि क्वाडशिवाय विजेता कसा होतो, हा सवाल त्याने जाहीरपणे केला. आजही हा निकाल कलेने कसरतीवर मिळवलेला विजय म्हणून सांगितला जातो. कुणी अभिमानाने सांगतो, कुणी दात-ओठ खात. भाचा दुसऱ्या प्रकारातला. एका रविवारी मी दोघांचे फ्री स्केटचे, म्हणजे स्पर्धेतल्या दोन कार्यक्रमांपैकी दुसऱ्या आणि लांब कार्यक्रमाचे, गुणपत्रक त्याच्यासमोर ठेवले. कार्यक्रमगुण लायसाचेकचे ८२.८०, प्लुशेंकोचेही ८२.८०. दशांशापर्यंत सारखे. फरक पडला तो तांत्रिक गुणांत: ८४.५७ विरुद्ध ८२.७१. ज्याने क्वाड केली नाही त्याचे तांत्रिक गुण जास्त! त्या काळी कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जास्त मिळत; लायसाचेकने थकलेल्या पायांनी उत्तरार्धात अधिक उड्या घेतल्या आणि त्या स्वच्छ उतरवल्या. प्लुशेंकोच्या काही उड्या हवेत तिरक्या गेल्या होत्या आणि त्याने त्या केवळ ताकदीवर सावरल्या. म्हणजे कलेचा विजय म्हणून जो डोक्यावर घेतला गेला, तो हिशेबाने आखलेल्या कसरतीचा विजय होता. भाचा बराच वेळ कागद उलटसुलट करत बसला. वहिनींना आनंद व्हावा अशी काही ही बातमी नव्हती, पण त्यांना झाला.

आठ वर्षांनी प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत उलट गंमत झाली. रशियाच्या अलिना झागितोवा आणि येव्हगेनिया मेदवेदेवा या दोघींना फ्री स्केटमध्ये अगदी सारखे, १५६.६५ गुण मिळाले. झागितोवाचे तांत्रिक ८१.६२ आणि कार्यक्रमगुण ७५.०३, मेदवेदेवाचे तांत्रिक ७९.१८ आणि कार्यक्रमगुण ७७.४७. दोन वेगळ्या वाटांनी दोघी एकाच पायरीवर पोचल्या. सुवर्णपदक ठरले ते शॉर्ट प्रोग्रॅममधल्या, म्हणजे आधीच्या छोट्या कार्यक्रमातल्या, १.३१ गुणांच्या फरकाने. आणि व्हँकुव्हरचा एकूण फरकही वजाबाकी करून पाहा, तोही १.३१ च येतो. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

झागितोवाने सगळ्या उड्या उत्तरार्धात ढकलल्या होत्या. नियमात बसणारी गोष्ट होती आणि त्यासाठी लागणारा दम थोडाथोडका नव्हता. पण त्यामुळे पूर्वार्ध म्हणजे लग्नातली नुसती मंगलाष्टके आणि पंगत सगळी शेवटी, असे काहीसे झाले. पुढच्याच मोसमात नियम बदलला आणि जादा गुण शॉर्ट प्रोग्रॅममधल्या शेवटच्या एका आणि फ्री स्केटमधल्या शेवटच्या तीन उड्यांपुरते उरले. त्याच सुमारास दर्जाच्या गुणांची पट्टी तीनवरून पाचपर्यंत रुंदावली आणि पुरुषांचे फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आले. हे बदल सौंदर्यासाठी केले असे म्हणणारे आहेत, उड्यांना लगाम घालण्यासाठी केले असे म्हणणारेही आहेत. माझ्या समजुतीने दोन्ही एकच.

आता चौकटीचा मोठा दोष, ज्यासाठी मी हे लिहायला घेतले. ती अर्धेच गुण दाखवते, हे वर आलेच. त्याहून गंभीर म्हणजे, ती ज्याला तांत्रिक म्हणते त्यात कला मुरलेली आहे आणि ती दिसू देत नाही. परीक्षकांनी उडीच्या दर्जाचे गुण कशावर द्यायचे, याचे सहा मुद्दे ठरलेले आहेत. उंची आणि लांबी, उडी घेणे आणि उतरणे, सहजता, हवेतली शरीराची ठेवण हे त्यांतले चार. उरलेले दोन असे: उडीच्या आधी पावले किंवा अनपेक्षित, कल्पक प्रवेश आहे का, आणि उडी संगीताशी जुळते का. वहिनी ज्या पळण्याला नाक मुरडतात, त्या पळण्याचे गुण तांत्रिक रकान्यातच कापले जातात! आणि उडी बरोबर समेवर उतरली की त्यांच्या तोंडून जी “वा” जाते, तिचा मोबदलाही त्याच रकान्यात जमा होतो. क्वाड लुट्झला अधिक पाच मिळाले तर ५.७५ गुणांची भर पडते, जवळजवळ एका संपूर्ण ट्रिपल लुट्झएवढी. चौकट मात्र मूळ किंमत दाखवते, मग दर्जाचे गुण मिळवून नवा आकडा दाखवते. का वाढला, ते सांगत नाही. ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात प्रत्येक घटकासाठी एक लहान चौकोन येतो: साधला तर हिरवा, बिघडला तर लाल, तपासणीत असेल तर पिवळा. रस्त्यावरच्या सिग्नलएवढीच माहिती. हिरव्या चौकोनात उंचीची शाबासकी किती आणि लयीची किती, हे कुणालाच कळत नाही.

उलट कार्यक्रमगुणांना निव्वळ कलेचे गुण समजणेही तितकेच चुकीचे आहे. तिसरा निकष स्केटिंग कौशल्याचा आहे. धारेची खोली, वेग, पात्यावरचा ताबा, हे सगळे शुद्ध शरीराचे काम. म्हणजे एका रकान्यात कसरतीत कला मिसळलेली आणि दुसऱ्यात कलेत कसरत. आमच्या घरातले दोन पक्ष ज्या रेषेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडतात, ती रेष गुणपत्रकात नाही, चौकटीच्या काठावर आहे.

तरीही वहिनींची एक तक्रार रास्त आहे आणि ती मी येथे त्यांच्या वतीने नोंदवते. कार्यक्रमगुणांना वर छत आहे आणि तांत्रिक गुणांना नाही. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये तीन निकषांना प्रत्येकी पूर्ण दहा मिळाले आणि त्यांच्या बेरजेला ठरलेल्या ३.३३ ने गुणले, तर होतात ९९.९०. याच्या वर कुणी जाऊ शकत नाही. २०२४ च्या माँट्रियल जागतिक स्पर्धेत इलिया मालिनिनने क्वाड अॅक्सलसह सहा क्वाड करून फ्री स्केटमध्ये २२७.७९ गुण मिळवले. त्यातले निदान १२७ तरी तांत्रिक असणार, हे सांगायला गुणपत्रकही उघडावे लागत नाही. एका बाजूला आभाळ मोकळे आणि दुसऱ्या बाजूला पत्रा. अशा स्थितीत २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकही क्वाड न करणाऱ्या जेसन ब्राउनने २८१.२४ गुणांनी सहावा क्रमांक काढला, याचे मला अजून नवल वाटते. त्याच्या कार्यक्रमांत चौकट फार हळू चढते. त्याचा कार्यक्रम मी चौकट पाहत आणि चौकट झाकून असा दोन्ही रीतींनी पाहिला आहे आणि ते दोन वेगवेगळे कार्यक्रम वाटतात, इतकेच सांगते.

चौकट नसेल तर काय होते, हे मला दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलीकडे गेले असताना कळले. तिच्या गावाजवळच्या रिंकवर एक लहानशी प्रादेशिक स्पर्धा होती. लाकडी बाक, दोन शाली पांघरूनही भरणारी हुडहुडी, रबरी पायपोसांचा ओलसर वास, आणि गुण एका खडबडीत ध्वनिक्षेपकावरून, तेही कार्यक्रम संपल्यावर. पहिली पाच-सात मिनिटे मी सवयीने वर डाव्या कोपऱ्याकडे पाहत होते. तिथे आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दिवा होता. मग नाइलाजाने कान उघडले. टीव्हीवर संगीत आणि समालोचन यांच्याखाली जे दबून जाते, ते पात्याचे बोलणे तिथे ऐकू येत होते. एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वळण घेताना बर्फ खरवडत जात होती, खर्र खर्र, जणू कुणी करवंटीने तवा घासते आहे. तिच्या नंतरची मुलगी त्याच वेगाने, त्याच वळणावरून गेली आणि आवाजच आला नाही. आला तो रेशमी कापड टराटरा न फाडता कात्रीने सरळ कापत नेल्यासारखा. उड्या पहिलीच्या जास्त होत्या. दुसरीचे गुडघे असे काही मऊ होते की प्रत्येक उडीतून ती उतरत नव्हती, निसटत होती. हे कला होते की कसरत, याचे उत्तर मला त्या बाकावर बसून देता आले नसते आणि कुणी विचारलेही नाही. मुलीने थर्मासमधला चहा पुढे केला आणि “आई, नाक लाल झालंय तुझं,” एवढेच म्हणाली.

परतल्यावर चौकट पुन्हा पाहिली तेव्हा तिच्या आणखी काही उणिवा ठळकपणे जाणवल्या. तिच्यात वेग नाही. टेनिसमध्ये सर्व्हिसचा वेग दाखवतात आणि क्रिकेटमध्ये चेंडूचा. इथे स्पर्धक किती वेगाने उडीत शिरली आणि उडी किती लांब गेली, हे कधीमधी पुनर्दर्शनात येते, चौकटीत नाही. पदन्यास चालू असताना निदान पातळी मोजण्याचे काम चालू आहे, एवढे तरी सुचवता आले असते, म्हणजे आकडा थांबला म्हणून प्रेक्षकाचे लक्ष मोबाइलकडे गेले नसते. कार्यक्रमगुण चालू कार्यक्रमात दाखवता येणार नाहीत हे मान्य, कारण संपूर्ण पाहिल्याशिवाय ते देता येत नाहीत. पण शेवटी तीन निकषांचे तीन आकडे वेगवेगळे आणि सावकाश दाखवायला कुणाची हरकत असावी? आत्ता ते बेरजेत विरघळून येतात आणि स्पर्धकाच्या रडण्या-हसण्यात वाहून जातात.

एक गाऱ्हाणे चौकटीचे नाही, ती आमच्यापर्यंत पोचवणाऱ्याचे आहे. ज्या सेवेची वर्षाची वर्गणी मी गेल्या मोसमात भरली, तिचे बोधचिन्ह नेमके डाव्या कोपऱ्यात, चौकटीतल्या दशांशांवर बसत असे. ७१ की ७९ हे कळायला बोधचिन्ह धूसर होण्याची वाट पाहावी लागे. त्यातून चित्र अडखळे ते नेहमी दुसऱ्या उडीच्या सुमारास, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत चौकटीतला आकडा आठ-दहा गुणांनी पुढे गेलेला असे. काय झाले ते न दिसता किती झाले तेवढेच दिसणे, ही या वस्तूची सर्वांत वाईट अवस्था आहे. ग्राहकसेवेला दोन पत्रे लिहिली. दोन्हींना उत्तर म्हणून राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला आला. या मोसमात ती वर्गणी मी भरलेली नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर शिकवण्यासाठी मी चौकटीला साडेचार देईन, आनंद घेण्यासाठी दोन. नव्या प्रेक्षकाने पहिला मोसम तिच्यासकट पाहावा, उड्या ओळखायला शिकावे, आणि मग निदान आवडत्या स्पर्धकांचे कार्यक्रम एकदा तिच्यावाचून पाहावेत. फार इच्छा झाली तर गुणपत्रक छापून घ्यावे. चार पाने होतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दहा-बारा रुपयांत काम होते. प्रक्षेपणाच्या पर्यायांत चौकट बंद करण्याची सोय मी तरी अजून कुठे पाहिलेली नाही, ती असावी.

आमच्याकडे ती सोय वहिनींनी केली आहे. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा त्यांनी बेताचा कापला आणि टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटपट्टीने वरच्या कडेवर असा लावला की तो झडपेसारखा उचलता येतो. त्यांच्या आवडीचा स्पर्धक बर्फावर आला की झडप खाली. गेल्या रविवारी शेवटच्या गटातला जपानी मुलगा पदन्यासाला लागला, भाचा नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. संगीत संपले, मुलगा गुडघ्यांवर टेकला. टाळ्या थांबायच्या आत झडप उचलायला उठल्या त्या वहिनीच.